लालदिघीच्या काठी कचेरीच हवी

ऑक्टोबर २०१३ मध्ये पश्चिम बंगालचे सचिवालय कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून उठले आणि हुगळी ओलांडून हावड्याच्या ‘नबान्न’ या चौदा मजली इमारतीत गेले. जुन्या वास्तूची डागडुजी करायची आहे, तेवढ्यापुरता हा मुक्काम, असे तेव्हा सांगितले गेले. दहा वर्षे उलटून गेली तरी बिऱ्हाड परतले नाही. तेव्हापासून रायटर्सचे काय करायचे आणि तिच्या समोरच्या चौकाचे, म्हणजे जुन्या डलहौसी स्क्वेअरचे, आजच्या बिनॉय-बादल-दिनेश बागेचे काय करायचे, यावर वाद झडतो आहे. आवाज मोठा आहे, पण मुद्दा चुकला आहे. एक बाजू म्हणते, ही कंपनी सरकारच्या कारकुनांची वसाहत. गुलामीच्या खुणेवर जनतेचा पैसा का ओतायचा? दुसरी म्हणते, दर्शनी भिंती घासूनपुसून काढा, रात्री दिवे सोडा, आत संग्रहालय किंवा हॉटेल करा, पर्यटक येतील. या इमारतींचे कामकाज संपले, असे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरले आहे. खरी चूक तिथे आहे.

चौकाच्या मधल्या लालदिघी तलावाच्या चार काठांवरच्या इमारती मोठ्या आहेत, काही देखण्या आहेत. पण या जागेला चौक केले ते तिथे चालणाऱ्या कामाने. माणूस इथे अर्ज घेऊन यायचा, मनीऑर्डर करायचा, शेअर विकायचा, साहेबाची वाट बघत व्हरांड्यात उभा राहायचा, मोर्च्यातून घोषणा द्यायचा. ते काम गेले की भिंती उरतात, चौक उरत नाही. म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात असे मला वाटते. सचिवालयाचा निदान लोकांशी थेट संबंध येणारा भाग रायटर्समध्ये परत यावा, चौकात उभ्या राहणाऱ्या मोटारी आणि बसगाड्या बाहेर जाव्यात, आणि दुरुस्ती सिमेंटात न होता चुन्यात व्हावी. ही तिन्ही कामे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. कचेरी परत आली नाही तर दुरुस्तीला कोणी वाली राहत नाही. मोटारी हटल्या नाहीत तर आलेल्या माणसाला उभे राहायला जागा नाही. आणि चुना सोडून सिमेंट वापरले तर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा घर खाली करण्याची पाळी येईल.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. मधोमध लालदिघी हा तलाव; कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत वस्तीचे पिण्याचे पाणी इथून जायचे. उत्तरेला, तलावाकडे तोंड करून, तांबडी रायटर्स. पश्चिमेला जनरल पोस्ट ऑफिसचा पांढरा घुमट, त्याच बाजूला रिझर्व्ह बँक. ईशान्येला सेंट अँड्र्यूज चर्च, दक्षिणेला टेलिफोन भवन, आग्नेयेला करन्सी बिल्डिंग, आणि खाली थोडे चालत गेले की राजभवन, आताचे लोकभवन. रायटर्सच्या पाठीमागे लायन्स रेंज, म्हणजे शेअर बाजाराची गल्ली. १७७२ पासून १९११ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी कोलकाता होती, आणि त्या राजधानीचा खजिना, टपाल, जकात, चर्च आणि चलन एका चालीच्या टप्प्यात होते. बंगालीत या भागाला अजूनही ‘ऑफिसपाडा’ म्हणतात. त्या एका शब्दात चौकाचा स्वभाव आला आहे.

हा स्वभाव अडीचशे वर्षे टिकला तो इमारती जशाच्या तशा जपून ठेवल्यामुळे नाही. कंपनीचा पहिला किल्ला इथे होता. जून १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने तो घेतला. प्लासीनंतर इंग्रजांनी नवा किल्ला दक्षिणेला मैदानावर बांधला. जुन्याचा काही काळ जकात कचेरी म्हणून वापर झाला, मग तो पाडला गेला आणि त्या जागेच्या एका भागावर १८६८ मध्ये वॉल्टर ग्रॅनव्हिलच्या आराखड्यानुसार पोस्ट उभे राहिले. जुन्या तटाची जागा दाखवायला पोस्टाच्या पायऱ्यांत पितळी रेघ बसवली आहे. तिच्यावर पाय ठेवून लोक तिकिटे आणायला जातात. रायटर्सचेही तेच. थॉमस लायनने १७७७ ते १७८० या काळात ती बांधली ती कंपनीच्या कोवळ्या कारकुनांना, ‘रायटर’ मंडळींना राहायला. १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले आणि त्याचे वर्ग इथे आले. मराठी वाचकाला हा धागा ठाऊक हवा. याच कॉलेजात विल्यम कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवत असे, वैजनाथ पंडितांचे साहाय्य घेत असे, आणि त्यातून १८०५ चे मराठी व्याकरण व १८१० चा मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. पुढे १८८० च्या सुमारास बंगाल प्रांताचे सचिवालय इथे स्थिरावले, दर्शनी बाजूला खांब चढले, वर मिनर्व्हा या रोमन विद्यादेवतेचा पुतळा आणि न्याय, व्यापार, विज्ञान, शेती यांच्या मूर्ती आल्या. वसतिगृह, कॉलेज, सचिवालय. दर खेपेला आतले काम बदलले, आणि दर खेपेला त्या कामासाठी कोणीतरी छताकडे लक्ष दिले.

आता समोरच्या बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घेऊ. ही वास्तू परक्या सत्तेची आहे, तिच्या भिंतींत आपल्या लोकांचा पैसा आणि अपमान दोन्ही मुरले आहेत. यात खोटे काय आहे? ज्याचे नाव या चौकाने शंभर वर्षे मिरवले त्या डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि १८५४ मध्ये नागपूरचे. महाराष्ट्रातल्या माणसाला त्या नावाबद्दल जिव्हाळा वाटण्याचे काही कारण नाही. नाव बदलले हे योग्यच झाले. पण नाव कोणाचे दिले ते बघा. ८ डिसेंबर १९३० ला बिनॉय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता हे तिघे तरुण युरोपीय पोशाखात रायटर्समध्ये शिरले आणि तुरुंगांचा महानिरीक्षक सिम्पसन याला त्यांनी त्याच्या कचेरीत गोळ्या घातल्या. त्यानंतरची झटापट व्हरांड्यात झाली. बंगालीत तिला ‘अलिंद युद्ध’ म्हणतात. अलिंद म्हणजे व्हरांडा. बादलने तिथेच विष घेतले, बिनॉय काही दिवसांनी रुग्णालयात गेला, दिनेशला ७ जुलै १९३१ ला फाशी झाली. आता मला सांगा, रायटर्स पाडली किंवा हॉटेलला दिली, तर या व्हरांड्याचे काय होणार? चौकाला ज्यांचे नाव दिले त्यांच्या पराक्रमाची जागा तीच आहे. वास्तू परक्यांनी बांधली, पण तिच्यातली सर्वांत मोलाची घटना आपल्या लोकांची आहे.

काय काढायचे आणि काय ठेवायचे याचा धडा या चौकाने स्वतःच घालून दिला आहे. १७५६ च्या कथित काळकोठडीचे, म्हणजे किल्ल्यात कोंडून मेलेल्या इंग्रज कैद्यांचे, स्मारक कर्झनने १९०२ मध्ये संगमरवरात नव्याने चौकाच्या वायव्य कोपऱ्यावर उभारले. ते होते फक्त हिंदी माणसाला क्रूर ठरवण्यासाठी. दुसरे काही काम त्याला नव्हते. १९४० मध्ये सुभाषबाबूंनी त्याविरुद्ध आंदोलन पुकारले, त्यांना अटक झाली, आणि स्मारक तिथून निघून सेंट जॉन्स चर्चच्या आवारात गेले. कोणी पोस्ट पाडा म्हटले नाही, बँक पाडा म्हटले नाही. अपमान करणारा दगड आणि काम करणारी इमारत यांतला फरक त्या पिढीला नीट कळत होता. मुंबईतही तसेच झाले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, चौक हुतात्मा चौक झाला, आणि १८६४ चे कारंजे हुतात्मा स्मारकाच्या शेजारी उभेच राहिले. आज त्या चौकातून जाणाऱ्याला दोन्ही दिसतात. आणि स्मृती म्हटली की आपल्यालाही थोडे नम्र व्हावे लागते: बंगालच्या अंगाईगीतात मुलाला भीती घालायला येणारे ‘बर्गी’ हे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार होते. त्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खणायला घेतलेला मराठा खंदक पुढे बुजला आणि त्यावरून सर्क्युलर रोड गेला. शहरे आपल्या जखमा अशाच वापरात आणतात.

दुसरा आक्षेप इमारतीच्या प्रकृतीचा आहे, आणि तोही पोकळ नाही. रायटर्स खरोखरच कोंदटली होती. स्वातंत्र्यानंतर तिच्या आतल्या मोकळ्या चौकांत एकामागून एक नवे ठोकळे उभे केले गेले, उजेड आणि वारा बंद झाला. जिने आणि बोळ कपाटांनी भरले. व्हरांडे लाकडी फळ्यांनी अडवून खोल्या काढल्या गेल्या. अशा जागेत आग लागली तर काय होईल, ही भीती कोलकात्यात कल्पनेची नाही. मार्च २०१० मध्ये पार्क स्ट्रीटच्या स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीत आग लागून ४३ माणसे गेली. तेव्हा ‘जुन्या वास्तूत सरकार चालवणे धोक्याचे’ हे म्हणणे समजण्यासारखे आहे.

पण आगीचे कारण इमारतीचे वय असते का? स्टीफन कोर्टमध्ये वरचे मजले मागाहून चढवलेले होते आणि गच्चीचे दार कुलूपबंद होते. मार्च २०२१ मध्ये याच चौकापासून जवळ, स्ट्रँड रोडवरच्या रेल्वेच्या न्यू कोयलाघाट इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली आणि नऊ जण दगावले, त्यांत अग्निशमन दलाचे जवान होते. काहींचा जीव लिफ्टमध्ये गेला. ती तर आधुनिक बहुमजली इमारत. आणि २१ जून २०१२ ला मुंबईत जळाले ते मंत्रालय, स्वातंत्र्यानंतर बांधलेले, काँक्रीटचे. पाच माणसे गेली, वरचे मजले आणि फायलींचे ढीग खाक झाले. महाराष्ट्र सरकार तेव्हा मंत्रालय सोडून कायमचे कुठे गेले नाही. इमारत दुरुस्त केली आणि कारभार तिथेच चालू ठेवला. आग लागते ती जादा भार पडलेल्या तारांमुळे, खोट्या छताआड लपलेल्या जोडण्यांमुळे, कागदाच्या गठ्ठ्यांमुळे. पसरते ती बंद केलेल्या बोळांमुळे. या चारही गोष्टी नव्या इमारतीत तितक्याच सहज होतात. उलट रायटर्सचा सलग, उघडा, लांबच लांब व्हरांडा म्हणजे बाहेर पडण्याची उत्तम वाट. फळ्या काढल्या, कपाटे हलवली, दर टोकाला मोकळा जिना ठेवला, पाण्याचा दाबाचा नळ प्रत्येक मजल्यावर नेला, तर काँक्रीटच्या बंद डब्यापेक्षा इथून माणूस लवकर बाहेर पडेल.

खरा शत्रू कागद होता, आणि हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ए-फोर कागदाचे पाचशे पानांचे एक रीम अडीच किलो भरते. कचेरीतले नेहमीचे लोखंडी कपाट, पाच कप्प्यांचे: एका कप्प्यात फायली ठासून भरल्या की सत्तर-ऐंशी किलो होतात. कपाटाच्या वजनासकट हिशेब साडेचारशे किलोंच्या आसपास जातो, आणि हे ओझे अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेवर चार पायांतून उतरते. साध्या कचेरीची जमीन चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलो भार धरून आखतात. आता जुन्या बंगाली छताची घडण बघा. खाली मोठ्या तुळया, त्यांना ‘कडी’ म्हणतात. त्यांवर हात-हातभर अंतराने आडव्या ‘बरगा’. त्यांवर चपट्या विटा आणि वर चुना आणि सुरखी, म्हणजे विटांचा भुगा, यांचा कोबा. आपल्या वाड्यांतल्या कडीपाटाचेच हे भावंड. नंतरच्या काळात लाकडाच्या जागी लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी आल्या. अशा जमिनीवर कपाटांची रांग भिंतीलगत ठेवली तर भार भिंत घेते. तीच रांग तुळयांच्या मधोमध लावली की जमीन वाकते, खालच्या खोलीच्या छताला केसाएवढी चीर पडते, आणि मग कोणीतरी इमारत धोकादायक असल्याचा शेरा मारतो. आज फायली संगणकावर गेल्या आहेत. ज्या ओझ्याने इमारत खचत होती ते ओझेच कचेरीच्या कामातून निघून चालले आहे. रायटर्समध्ये कचेरी चालवणे १९९० साली जितके अवघड होते तितके ते आता राहिलेले नाही, आणि नेमक्या याच वेळी आपण ती कचेरीला निकामी ठरवतो आहोत.

दुसरा शत्रू पाणी. कोलकात्यात वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिंतीच्या वरच्या कंगणीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते, पहिल्या पावसात दोन पाने फुटतात. कोणीतरी वर चढून रोप कापतो, पण मूळ आतच राहते, पुढच्या पावसात ते दुप्पट जोमाने फुटते. तीन-चार वर्षांत मूळ विटांच्या दरजांतून आत उतरते आणि गच्चीच्या पन्हाळीचे पाणी त्याच वाटेने भिंतीत जाते. मग ओल दिसते, आणि ओल दिसली की सिमेंटचा गिलावा मारला जातो. इथेच सगळे बिघडते. जुनी वीट आणि चुना श्वास घेतात. आत गेलेले पाणी भिंतीच्या अंगातून हळूहळू उडून जाते. सिमेंटचे कवच त्याला बाहेर पडू देत नाही. पाणी आत कोंडते, विटेतले क्षार पृष्ठभागापाशी साचतात, लोणा लागतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्यासकट विटेची साल सुटून येते. लोखंडी तुळईचे टोक भिंतीत असते तिथे तीच ओल गंज धरते. गंज मूळ लोखंडाच्या काही पट जागा मागतो, आणि ती जागा तो वीट फोडून घेतो. वरून रंग लावलेला असल्याने पाच वर्षे कोणाला काही कळत नाही.

उपाय जुना आहे आणि तो गवंड्यांना अजून येतो. मूळ पुरते काढायचे असेल तर त्याच्या मागोमाग विटा उकलाव्या लागतात, पोकळीत चुन्याचा पातळ राडा भरावा लागतो. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरू द्यायचा, मग सुरखी आणि वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. गिलावा एकदम जाड चढवायचा नाही. एका थराला दहा-बारा मिलिमीटर, तो आवळला की दुसरा, आणि दोन-तीन आठवडे ओली गोणपाटे टाकून जपायचे. वेळ लागतो. ठेकेदाराला मार्चअखेर बिल काढायचे असते, त्याला हा वेळ परवडत नाही, म्हणून तो गोणीतले सिमेंट आणतो. पण असली देखभाल कोण करवून घेणार? रोज त्या छताखाली बसणारा माणूस. गळती त्याच्या टेबलावर टपकते तेव्हा तो तक्रार करतो. रिकाम्या इमारतीत गळती टपकत राहते आणि ती पाहणारे कोणी नसते. जुन्या इमारती ओझ्याने पडतात त्याहून जास्त त्या कुलपाने पडतात.

तिसरा आक्षेप कारभाराच्या सोयीचा. नबान्न मोठे आहे, मोकळे आहे, सुरक्षित आहे. मग परत अडचणीत का यायचे? सोय आहे हे खरे. पण कोणाची? सत्तेची जागा शहराच्या मधोमध असली की लोकांना ती गाठता येते. २१ जुलै १९९३ ला युवक काँग्रेसचा मोर्चा रायटर्सच्या दिशेने निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसे मेली. त्या मोर्च्याच्या नेत्या ममता बॅनर्जी होत्या. मोर्चा रायटर्सकडे का निघाला होता? कारण सरकार तिथे बसत होते आणि हे प्रत्येकाला ठाऊक होते. आज मोर्चा नदीपलीकडे न्यावा लागतो, आणि पूल अडवला की मोर्चा संपतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हेच सगळ्यांनी पाहिले. नदी हा राज्यकर्त्याला मिळालेला सर्वांत स्वस्त खंदक आहे. पक्ष कोणताही असो, सत्तेत आला की त्याला हा खंदक आवडणार. म्हणूनच ही मागणी अमुक सरकारविरुद्ध नाही. ती पुढच्या प्रत्येक सरकारकडे करायची आहे. सगळी खाती परत येऊ नयेत, ते शक्यही नाही. नंतर घुसडलेले ठोकळे पाडून आतले चौक मोकळे झाले की जागा कमीच होणार. पण मुख्यमंत्र्यांची कचेरी, मंत्रिमंडळाची बैठक आणि तळमजल्यावर अर्ज, तक्रारी, दाखले यांच्या खिडक्या एवढे परत आले तरी चौकाला पुन्हा काम मिळेल.

संग्रहालयवाल्यांचे म्हणणे मला सर्वांत जास्त छळते, कारण त्यांचे प्रेम खरे आहे. शेजारच्या करन्सी बिल्डिंगचे उदाहरण ते देतात. १८३३ ची ही इमारत; रिझर्व्ह बँकेचे पहिले कार्यालय इथेच होते. १९९० च्या दशकात सरकारी यंत्रणेनेच ती पाडायला घेतली, मधल्या दालनावरचे घुमट गेले, आरडाओरड झाली तेव्हा हात थांबले. पुढे पुरातत्त्व खात्याने ती ताब्यात घेऊन सावरली आणि जानेवारी २०२० मध्ये ती प्रदर्शनासाठी खुली झाली. घुमटाविना उघडे राहिलेले ते दालन पाहण्यासारखे आहे, आणि ते काम करणाऱ्यांचे ऋण मानायलाच हवे. पण चौकात अशी एक इमारत शोभते. सगळ्याच तशा झाल्या तर? संग्रहालयात माणूस आयुष्यात दोनदा जातो, पोस्टात महिन्यातून दोनदा. हॉटेलचा मुद्दा घ्या. जवळचे ग्रेट ईस्टर्न १८४० पासून हॉटेलच होते, दुरुस्तीनंतरही हॉटेल राहिले, यात काही वावगे नाही. रायटर्स मात्र सार्वजनिक आहे. तिचा व्हरांडा खोली घेणाऱ्या पाहुण्यापुरता उरला तर ८ डिसेंबरला हार घालायलाही परवानगी मागावी लागेल. लायन्स रेंजमध्ये २०१३ पासून शेअर बाजाराचे व्यवहार थांबले आणि गल्लीतला आवाजच गेला. ऑफिसपाड्याचा एकेक अवयव असा निकामी होत असताना रायटर्सनेही काम सोडावे का?

मुंबईकडे बघितले तर उत्तर समोर उभे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा आहे, आणि तिथून रोज लाखो माणसे गाड्या पकडतात, वर मध्य रेल्वेची कचेरी चालते. २०१८ च्या सुमारास कचेऱ्या हलवून तिथे संग्रहालय करण्याचा विचार पुढे आला होता. लोकांना तो रुचला नाही. महापालिकेची १८९३ ची इमारत आजही महापालिकाच चालवते. कामामुळे या वास्तू झिजतात हे खरे, पण कामामुळेच त्यांना दर वर्षी पैसा मिळतो. अंदाजपत्रकात ‘कार्यालय दुरुस्ती’ हा रकाना दर वर्षी भरला जातो. ‘वारसा जतन’ हा रकाना पहिल्या टंचाईत कापला जातो.

उरला मोटारींचा प्रश्न, आणि इथे माझे मत अगदी सरळ आहे. एक मोटार उभी करायला अडीच बाय पाच मीटर लागतात. आत-बाहेर करण्याची वाट धरली तर पंचवीस ते तीस चौरस मीटर. शंभर मोटारी म्हणजे अडीच-तीन हजार चौरस मीटर, तेवढ्या जागेत हजारो माणसे आरामात उभी राहतात. तलावाच्या काठी भूमिगत वाहनतळ करूनही वरचे रस्ते मोटारींनी भरलेलेच राहिले, कारण जागा वाढवली की गाड्या वाढतात. काळा घोडा आठवा. १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा पुतळा तिथून राणीच्या बागेत गेला, आणि मोकळी झालेली जागा कोणाची झाली? उभ्या मोटारींची. राजा हलवला पण जागा लोकांना मिळाली नाही. कोलकात्यात तर सबबही उरलेली नाही. हावड्याहून फेअर्ली घाटाला होडी येते, चक्ररेल्वेचे स्थानक आहे, आणि मार्च २०२४ पासून नदीखालून मेट्रो येते. २०२५ मध्ये सियालदहही त्याच मार्गाला जोडले गेले. चौकातल्या मेट्रो स्थानकाचे नाव ‘महाकरण’ आहे. रायटर्सचे बंगाली नाव. मिनीबस इथे थांबाव्यात, माणसे उतरवाव्यात आणि पुढे जाव्यात. इंजिन चालू ठेवून तासभर उभे राहायला ही जागा नाही. धूर आणि कंप दोन्ही चुन्याच्या दरजा ढिल्या करतात.

जमिनीखाली खणण्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. याच मेट्रोच्या बोगद्याचे काम चालू असताना ३१ ऑगस्ट २०१९ ला बऊबाजारात यंत्र पाण्याच्या थराला लागले, गाळमिश्रित पाणी आत शिरले, वरची जमीन खचली आणि जुनी घरे चिरफाळली. गंगेच्या गाळाची ही माती पाण्याच्या तोलावर उभी आहे. लालदिघी त्या तोलाचा भाग आहे. तिचे काठ काँक्रीटने घट्ट बांधायचे, शेजारी आणखी एक तळघर खणायचे, असले बेत करणाऱ्यांनी आधी भोवतीच्या विहिरींतली पाण्याची पातळी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मोजावी, रायटर्सच्या भिंतींवरच्या चिरांवर काचेच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि पट्टी फुटते का ते वर्षभर बघावे. खर्च नगण्य आहे.

आणि फेरीवाले. सुशोभीकरणाचा पहिला घाव नेहमी त्यांच्यावर पडतो. चौकाच्या दक्षिणेला डेकर्स लेन आहे. दुपारी एकनंतर तिथे बाकड्यांवर खांद्याला खांदा लावून कारकून, वकील, शिपाई बसतात. समोर पातळ स्ट्यूची वाटी, लोणी लावून भाजलेला पाव, घुगनी. पंधरा मिनिटांत माणूस उठतो, दुसरा बसतो. ही गल्ली कोणत्याही संवर्धन आराखड्यात वास्तू म्हणून येणार नाही, पण ऑफिसपाडा बंद पडला तर सर्वांत आधी चूल विझेल ती तिथली. तिला पाण्याचा नळ, सांडपाण्याची झाकलेली मोरी आणि परवान्याची खात्री, एवढे मिळाले की पुरे.

हा वाद मराठी वाचकाने परका समजू नये. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ ची इमारत आणि वांद्रे पूर्वेला होऊ घातलेले नवे संकुल, हा प्रश्न याच वळणाचा आहे. न्यायालयाला जागा अपुरी पडते, नवे संकुल हवेच. पण जुन्या इमारतीतून शेवटची फाईल निघण्याआधी, तिथे कोणते न्यायदालन चालू राहणार आणि छताच्या दुरुस्तीचा खर्च कोणत्या रकान्यातून होणार, हे लेखी ठरायला हवे. रायटर्समधून लोक बाहेर पडले त्या दिवशी परतीची तारीख आणि परत येणाऱ्या खात्यांची यादी कागदावर नव्हती. कोलकात्यात निदान आता ती यादी करावी, आणि पहिले नाव तळमजल्यावरच्या अर्ज घेण्याच्या खिडकीचे असावे.